गोळी लिहिण्याआधी एक प्रश्न विचारा : इंदूरच्या डॉक्टरांना आणि औषध विक्रेत्यांना खुले पत्र

प्रति,
इंदूर शहरातील मराठी भाषक डॉक्टर आणि औषध विक्रेते यांस

विषय : गिळण्यास त्रास असलेल्या रुग्णांसाठी औषधाचे योग्य रूप निवडण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त फार्मासिस्ट आहे. नोकरीची सगळी वर्षे रुग्णालयाच्या औषध खिडकीमागे गेली. आता रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांतल्या ओळखीच्या घरांतून ‘जरा आमच्या औषधांवर नजर टाकून जा’ असे बोलावणे येते आणि मी जाते. या घरांत एक गोष्ट मला इतक्या वेळा दिसली आहे की तिच्याविषयी आपणा सर्वांशी जाहीरपणे बोलणे आवश्यक वाटू लागले. ज्यांना गोळी गिळता येत नाही त्यांनाही आपण गोळ्याच लिहून देतो. गिळता येते की नाही हे कोणी विचारत नाही, आणि विचारले नाही म्हणून घरचे सांगत नाहीत. ही तक्रार डॉक्टरांना सांगण्याजोगी आहे असेच त्यांना वाटत नाही.

माझी विनंती अशी आहे की, चिठ्ठी लिहिण्यापूर्वी प्रत्येक वयस्क रुग्णाला आणि मेंदू, मज्जासंस्था, तोंड किंवा घसा यांचा आजार असलेल्या कोणत्याही वयाच्या रुग्णाला ‘गोळी नीट गिळता येते का?’ असे विचारावे. उत्तर ‘नाही’ असेल तर ते ॲलर्जीची नोंद करतो तसे चिठ्ठीच्या वरच्या भागात लिहावे आणि औषध निवडताना त्याचे रूपही त्याच वेळी निवडावे.

एका घरात काय पाहिले ते सांगते. पंचाहत्तरी ओलांडलेले एक आजोबा पक्षाघातानंतर शहरातल्या एका रुग्णालयातून घरी आले होते. नाकातली नळी नुकतीच काढली होती, पाणी पिताना ठसका लागत होता, म्हणून घरी सोडतानाच्या कार्डावर ‘मऊ व दाटसर आहार द्यावा’ अशी सूचना होती. त्याच कार्डाच्या मागच्या बाजूला औषधांची यादी होती आणि तिच्यातले एकूण एक औषध गोळीच्या रूपात होते. त्यांच्या सूनबाईंनी कोणीही केले असते तेच केले. सकाळच्या सगळ्या गोळ्या एकत्र पितळी खलबत्त्यात कुटल्या आणि ती पूड वरणभातात कालवली. मी गेले तेव्हा खलबत्त्याच्या तळाला आणि बत्त्याच्या टोकाला पांढरट गुलाबी थर चिकटलेला होता, आजोबांनी दोन घास घेऊन तोंड मिटले होते आणि ताटलीतला निम्म्याहून अधिक भात तसाच होता. त्या सकाळी कोणते औषध किती पोटात गेले, हे सांगणे कोणालाही शक्य नव्हते. शिवाय कडू लागल्यामुळे आजोबा आता भातालाच नको म्हणू लागले होते, आणि आधीच खंगलेल्या माणसाच्या बाबतीत हे नुकसान औषध चुकण्याइतकेच मोठे आहे.

आता त्या खलबत्त्यात काय काय होते ते पाहू. जठरातले आम्ल कमी करणारे पँटोप्राझोल होते. त्याच्या गोळीवरचे आवरण जठरातल्या आम्लापासून औषधाला वाचवून आतड्यापर्यंत नेण्यासाठीच असते. ते फोडले की औषध जठरातच नष्ट होऊ लागते. आवरण असलेली ॲस्पिरिन होती. ती कुटली तर औषधाचा गुण जात नाही, पण जठराच्या अस्तराला मिळणारे संरक्षण जाते. मधुमेहाचे मेटफॉर्मिन एसआर आणि रक्तदाबाचे मेटोप्रोलॉल एक्सएल होते. ही दोन्ही औषधे दिवसभर हळूहळू सुटावीत अशा रीतीने बनवलेली असतात. कुटल्यावर दिवसभराचा डोस थोड्या वेळात अंगात उतरतो आणि उरलेला दिवस रुग्ण औषधाविना राहतो. सकाळी औषध दिल्यावर आजोबांना गरगरते आणि पहाटे रक्तदाब चढलेला असतो, असे सूनबाई सांगत होत्या. त्यांनी हे डॉक्टरांनाही सांगितले होते, आणि डोस वाढवावा का याचा विचार सुरू होता. खलबत्त्याबद्दल मात्र कोणी विचारले नव्हते.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती या हळूहळू सुटणाऱ्या गोळ्यांची. औषधाच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर, एमआर, रिटार्ड, क्रोनो अशी अक्षरे असली की ती गोळी कुटायची नाही आणि चावायचीही नाही, हे आपणा सर्वांना पाठ आहे; पण घरात औषध देणाऱ्या माणसाला ही अक्षरे म्हणजे कंपनीच्या नावाचा भाग वाटतात. निफेडिपिन रिटार्ड कुटून दिल्यास रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. कर्करोगाच्या वेदनांसाठी दिलेली मॉर्फिनची दीर्घकाळ चालणारी गोळी कुटली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. काही मेटोप्रोलॉल एक्सएल गोळ्या मधल्या रेषेवर अर्ध्या करता येतात, पण कुटता येत नाहीत, हा फरक तर कोणी समजावून सांगितल्याशिवाय कळणारच नाही. आणि हळूहळू सुटणाऱ्या गोळीऐवजी साधी गोळी द्यायची म्हटले, तर नाव तेच ठेवून भागत नाही. दिवसाचा डोस दोन किंवा तीन वेळांत विभागावा लागतो. हे गणित डॉक्टरांनीच करायचे असते. ते सूनबाईंवर सोडून चालणार नाही.

कॅप्सूलचेही तसेच आहे. कॅप्सूल उघडून आतली पूड देणे घरच्यांना गोळी कुटण्यापेक्षा सुरक्षित वाटते, आणि काही औषधांत ते चालतेही. आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोलच्या कॅप्सूलमधले आवरण असलेले दाणे न चावता आंबटसर मऊ अन्नातून देता येतात. पण डॅबिगॅट्रान या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचे दाणे कॅप्सूलमधून काढून दिले तर रक्तात पोचणारे औषधाचे प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांनी वाढू शकते, आणि त्यातून रक्तस्राव होऊ शकतो. त्याच गटातले ॲपिक्साबॅन मात्र कुटून पाण्यातून देता येते. म्हणजे पक्षाघाताच्या ज्या रुग्णाला गिळण्याचा त्रास आहे, त्याच्यासाठी या दोहोंत निवड करताना हा मुद्दा चिठ्ठी लिहितानाच समोर असायला हवा. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्यातून एकदा दिले जाणारे ॲलेंड्रोनेट हेही असेच उदाहरण आहे. ती गोळी पेलाभर पाण्याबरोबर अखंड गिळून अर्धा तास ताठ बसावे लागते, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण होतो. ज्या आजी पाण्याच्या घोटालाच ठसकतात त्यांना ती देणे मला योग्य वाटत नाही. मूत्रपिंडाचे काम ठीक असेल तर त्यांच्यासाठी वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे झोलेड्रॉनिक ॲसिड आहे. डॉक्सिसायक्लिनच्या कॅप्सूलही अशाच अन्ननलिकेला चिकटून जखम करतात, आणि त्या तर तरुणांनाही आपण सर्रास देतो.

हे रुग्ण थोडे आहेत असे समजू नये. पक्षाघात, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश, तोंडाचा आणि घशाचा कर्करोग, त्यावरचे किरणोत्सर्गाचे उपचार यांत गिळण्याची शक्ती कमी होते. आपल्या माळव्यात सुपारी आणि गुटख्याने तोंड आखडलेली तरुण माणसेही आहेत. त्यांचे तोंड दोन बोटेसुद्धा उघडत नाही आणि मोठी गोळी आत सरकत नाही. म्हाताऱ्यांचे तोंड कोरडे असते, त्यात रक्तदाबाची, मनाच्या आजारांची आणि लघवीच्या त्रासाची काही औषधे ते आणखी कोरडे करतात. आणि ठसका लागत नाही म्हणजे सारे ठीक आहे असेही नसते. काही रुग्णांत अन्न किंवा पाणी खोकल्याविनाच श्वासनलिकेत उतरते आणि पुढे न्यूमोनिया होतो. म्हणून प्रश्न विचारताना ‘ठसका लागतो का’ एवढ्यावर न थांबता गोळी तोंडात किती वेळ राहते, जेवणानंतर आवाज घोगरा होतो का, गोळी कशी देता, कुटता का, हेही विचारावे. ‘कुटता का’ हा प्रश्न रागावून विचारला तर खरे उत्तर मिळणार नाही, एवढे मी अनुभवाने सांगते.

मग सगळ्यांना सिरप द्यावे का? पुष्कळदा हाच उपाय सुचतो, पण तो नेहमी बरोबर नसतो. ज्याला पातळ पदार्थाने ठसका लागतो त्याला पाण्यासारखे सिरप गोळीइतकेच धोक्याचे असते, कारण ते घशातून झपाट्याने उतरते आणि श्वासनलिकेचे दार मिटायला वेळ मिळत नाही. अशा रुग्णासाठी द्रव दाट करावा लागतो, आणि किती दाट हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाने ठरवायचे असते. त्यासाठी ० ते ७ पातळ्यांची आंतरराष्ट्रीय मोजपट्टीही आहे. दाट करण्याच्या पुडीतही एक सापळा आहे. बद्धकोष्ठासाठी दिले जाणारे मॅक्रोगोल स्टार्चच्या पुडीने दाट केलेल्या पाण्यात मिसळले तर ते पुन्हा पातळ होते, आणि दाट समजून दिलेला घोट फुफ्फुसात जाऊ शकतो.

सिरपमध्ये साखर असते, हे मधुमेहात पाहावे लागते. साखरेऐवजी सॉर्बिटॉल असेल तर बऱ्याच मात्रेत जुलाब होतात. पॅरासिटामॉलचे सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२० ते २५० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या तीव्रतेचे मिळते, तेव्हा चिठ्ठीवर नुसते ‘दोन चमचे’ लिहिल्यास कोणाच्या पोटात दुप्पट जाईल आणि कोणाच्या निम्मे. फिट येणाऱ्यांसाठीचे फेनिटॉइन बाटलीत तळाशी बसते. बाटली नीट हलवली नाही तर सुरुवातीचे काही दिवस डोस कमी पडून फिट येते आणि बाटली संपत आली की तेच औषध जास्त होऊन रुग्ण झोकांड्या खाऊ लागतो. शिवाय १०० मिलिग्रॅमच्या फेनिटॉइन सोडियम कॅप्सूलमध्ये मूळ फेनिटॉइन सुमारे ९२ मिलिग्रॅम असते, म्हणून कॅप्सूलवरून द्रवावर येताना हिशेब पुन्हा मांडावा लागतो. व्हॅल्प्रोएट आणि कार्बामाझेपिन या फिटच्याच औषधांची द्रवरूपे सहज मिळतात, पण क्रोनो किंवा सीआर गोळीवरून त्यांवर आल्यास डोस अधिक वेळा विभागून द्यावा लागतो.

द्रव औषधांविषयी लोकांच्या मनात आज भीतीही आहे, आणि ती निराधार नाही. २०२५ साली आपल्याच राज्यात, छिंदवाडा जिल्ह्यात, डायएथिलीन ग्लायकोल या विषारी रसायनाने दूषित झालेले खोकल्याचे सिरप पिऊन लहान मुले दगावली. त्यानंतर ‘सिरप नको, गोळीच द्या, आम्ही कुटू’ असे आयांच्या तोंडून मी ऐकले आहे. या भीतीला नुसते ‘घाबरू नका’ हे उत्तर पुरणार नाही. ज्या मुलाला खोकल्याच्या औषधाची गरजच नाही त्याला ते न देणे, ज्याला द्रव औषध खरोखर लागते त्याला बिलासह, बॅच क्रमांक पाहून देणे, आणि पाण्यात विरघळणारी गोळी उपलब्ध असेल तिथे ती सुचवणे, हे आपल्या हाती आहे.

विरघळणाऱ्या गोळ्यांचा पर्याय आपल्याकडे फार कमी वापरला जातो, याचे मला वाईट वाटते. अतिसारात मुलांना दिली जाणारी २० मिलिग्रॅमची झिंकची गोळी चमचाभर पाण्यात विरघळते. क्षयरोगाच्या मुलांसाठी तीन औषधे एकत्र असलेली, पाण्यात विरघळणारी गोळी २०१५ मध्ये आली, आणि त्याआधी पालक मोठ्या माणसांच्या गोळ्यांचे तुकडे करत बसत. तोंडात विरघळणाऱ्या गोळ्यांत ओंडॅन्सेट्रॉन, क्लोनाझेपाम, लॅन्सोप्राझोल अशी नेहमीची औषधे मिळतात. मात्र ही गोळी जिभेवर विरघळली तरी औषध लाळेबरोबर गिळावेच लागते, तोंड अगदी कोरडे असेल तर आधी ओले करावे लागते, आणि हृदयविकारात छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवण्याच्या सॉर्बिट्रेटशी तिची गल्लत होता कामा नये. फसफसणाऱ्या गोळ्या हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांना जपून द्याव्यात. ५०० मिलिग्रॅमच्या अशा एका पॅरासिटामॉल गोळीत साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम असू शकते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा दिवसाला २००० मिलिग्रॅमहून कमी अशी आहे.

तोंडाची वाट टाळता येत असेल तर तीही पाहावी. स्मृतिभ्रंशासाठी रिव्हास्टिग्मिनची त्वचेवर लावण्याची चकती मिळते. नवी लावताना जुनी काढायची, हे घरच्यांकडून वदवून घ्यावे, नाहीतर पाठीवर दोन-तीन चकत्या एकदम सापडतात. तीव्र वेदनांसाठी फेंटॅनिलची चकती आहे. तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली तर औषध वेगाने शोषले जाते, हे सांगायलाच हवे. ताप आणि बद्धकोष्ठ यांसाठी गुदद्वारातून द्यायची औषधे आहेत. आपल्याकडे त्यांचा संकोच वाटतो, पण नीट समजावले तर घरची माणसे ऐकतात.

आणि एक पर्याय असा की, औषध बंदच करावे. गिळणे अवघड झालेल्या ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या यादीत दहा औषधे असतील, तर त्यांतले प्रत्येक आजही हवे आहे का, हे कोणी तरी बसून ठरवले पाहिजे. जीवनसत्त्वाची जाडजूड गोळी रोज घशात अडकत असेल, तर ती कुठल्या रूपात द्यावी यापेक्षा ती हवीच कशाला, हा प्रश्न आधी यायला हवा.

औषध विक्रेत्यांशी आता थोडे स्वतंत्रपणे बोलते, कारण रुग्णाच्या घरच्यांशी शेवटचे बोलणे आपले होते. १९४५ च्या औषध नियमांनुसार अनुसूची ‘एच’मधले, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकता येणारे औषध चिठ्ठीवर असेल तर त्याच्या जागी दुसरे औषध आपण परस्पर देऊ शकत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून तर ‘बाबांना गोळी जात नाही हो’ असे काउंटरवर कोणी म्हणाले, की ‘कुटून द्या’ असे सांगून पिशवी पुढे सरकवण्याऐवजी डॉक्टरांना एक फोन करावा. औषधांची घाऊक पेठ असलेला दवा बाजार आपल्या शहरात आहे. एका दुकानात नसलेले द्रव औषध किंवा विरघळणारी गोळी आपल्याला सहसा दुसऱ्या दिवशी आणून देता येते. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हे आपले काम म्हणून नोंदवले आहे. डॉक्टर मंडळींनीही असा फोन आला की तो अधिक्षेप समजू नये. नोकरीत असताना मी असे फोन पुष्कळ केले. काहींनी आभार मानले आणि काहींनी ‘चिठ्ठीवर लिहिलेय ते द्या’ म्हणून फोन ठेवला.

ज्या गोळ्या कुटायला हरकत नाही, जसे साधी ॲम्लोडिपिन, ॲटोर्व्हास्टॅटिन, क्लोपिडोग्रेल, साधी मेटफॉर्मिन, त्या कशा द्यायच्या हेही काउंटरवर सांगावे. प्रत्येक गोळी वेगळी, बारीक, चमचाभर मऊ अन्नात मिसळून आणि जेवणाच्या आधी द्यावी, म्हणजे अन्न उरले तरी औषध उरत नाही. खलबत्ता किंवा वाटी थोड्या पाण्याने खंगाळून तेही द्यावे, अर्थात पातळ चालत असेल तर. थायरॉक्सिन, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन दुधात किंवा दह्यात मिसळू नये, कारण कॅल्शियममुळे ही औषधे कमी शोषली जातात. संधिवात आणि कर्करोगात दिल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्सेटसारखी औषधे घरात कुटूच नयेत; त्यांची पूड कुटणाऱ्यालाही अपायकारक असते, आणि कुटणारी गरोदर असेल तर फारच. नाकातल्या नळीतून देताना औषधे एकत्र न करता एकेक द्यावी आणि मधेमधे नळी पाण्याने धुवावी, नाहीतर नळी तुंबते आणि ती बदलण्याची यातना रुग्णाला भोगावी लागते. सिरपबरोबर मापाचे टोपण किंवा सुई नसलेली सिरिंज द्यावी. स्वयंपाकघरातला चमचा औषधासाठी भरवशाचा नाही.

ज्यांना आजार काही नाही, फक्त गोळी घशात अडकते अशी भीती आहे, त्यांना रीत शिकवली तर बऱ्याचदा पुरते. मान मागे टाकून गोळी गिळण्याची सवय आपल्याकडे सर्वत्र आहे, पण कॅप्सूल पाण्यावर तरंगते, म्हणून ती गिळताना हनुवटी छातीकडे झुकवावी. जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ही रीत तपासली, तेव्हा बहुतेकांना त्या रीतीने कॅप्सूल गिळणे सोपे गेले. गिळण्याचा खरा विकार असलेल्यांना मात्र अशा युक्त्या परस्पर सुचवू नयेत.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. औषध अन्नात लपवून देणे हे घरोघरी चालते. ज्याला समजते आहे, जो ‘नको’ म्हणतो आहे, त्या माणसाच्या वरणभातात त्याच्या नकळत औषध घालणे हा त्याच्या विश्वासाचा भंग आहे. गिळता येत नाही म्हणून तो नको म्हणतो, की औषधच नको म्हणून, हे आधी त्यालाच विचारले पाहिजे. स्मृतिभ्रंशात हा निर्णय अवघड असतो, तेव्हा तो डॉक्टर आणि कुटुंब यांनी मिळून उघडपणे घ्यावा आणि कागदावर लिहून ठेवावा.

शहरातल्या रुग्णालयांकडे आणि महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातल्या अध्यापकांकडे माझे एवढेच मागणे आहे की, घरी सोडण्याच्या कार्डावर आहाराची सूचना आणि औषधांची यादी लिहिणाऱ्यांनी एकमेकांचे लिखाण वाचावे. ‘दाटसर आहार’ लिहिलेल्या कार्डावर एकही गोळी तपासल्याशिवाय राहू नये, आणि ही तपासणी इंटर्न मुलामुलींना वॉर्डातच शिकवावी. कोणत्या गोळ्या कुटू नयेत याची मराठी आणि हिंदी यादी मी ओळखीच्या घरांसाठी तयार केली आहे. ज्या दवाखान्याला किंवा दुकानाला ती भिंतीवर लावायची असेल त्यांना मी ती आनंदाने देईन. फक्त त्याआधी आपल्यापैकी एखाद्या औषधशास्त्राच्या जाणकाराने ती ओळन्‌ओळ तपासून द्यावी.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त फार्मासिस्ट
रामबाग, इंदूर